नाव चालेल हो, भाषेचं काय?

बाळाचं नाव काय ठेवावं यावर नागपुरात हल्ली जी भांडणं ऐकू येतात, त्यांत दोन पक्ष आहेत आणि दोघांचंही म्हणणं मला अर्धवट वाटतं. एका पक्षाला नाव ‘चालणारं’ हवं. पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसात, जमलं तर टेक्सासच्या शाळेत, कुणाची जीभ अडखळणार नाही असं, दोन-तीन अक्षरी. कियान, मायरा, आयरा. दुसऱ्या पक्षाला ही नावं ऐकली की तिडीक जाते. मराठी पोराला मराठी नाव द्यायची लाज वाटते का, असा त्यांचा सवाल. २०२५ मध्ये शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या सरकारी निर्णयांवरून रान पेटलं आणि सरकारला जूनअखेर ते निर्णय मागे घ्यावे लागले. तेव्हापासून हा सवाल जास्तच चढ्या आवाजात विचारला जातो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन भाषांत चालणारं नाव ठेवण्यात काडीचंही गैर नाही, या शहराची ती जुनी रीत आहे. खटकतं ते वेगळंच. नावावर महिनोन् महिने खल करणारी घरं, मूल बोलायला लागल्यावर त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं यावर चहाचा कप संपेपर्यंतही विचार करत नाहीत. भाषेवरचा कठीण वाद टाळायचा म्हणून आपण नावावरचा सोपा वाद घालत बसलो आहोत.

‘दोन भाषा’ म्हटल्याबरोबर इंग्रजीच डोळ्यांसमोर यावी, हेही नागपूरकराला शोभत नाही. आपली दुसरी भाषा हिंदी. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्याआधी मध्यप्रांत-वऱ्हाडाची, आणि कचेऱ्या-कॉलेजांतून दोन्ही भाषा मांडीला मांडी लावून बसत. अजूनही सीताबर्डीला मराठी गिऱ्हाईक मराठी दुकानदाराला ‘भैया, कितने का दिया’ असं विचारतं आणि घासाघीस रंगात आली की दोघंही मराठीवर येतात. ‘काय करून राहिला बे’ हे आपलं वाक्य पुण्याच्या माणसाला हिंदीचं भाषांतर वाटतं, आपल्याला ते आईचं बोलणं वाटतं. रायपूर, जबलपूर, छिंदवाड्याशी सोयरिकी पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. तेव्हा आजी मराठी आणि नानी हिंदी असलेलं बाळ ही इथे काही नवलाची गोष्ट नाही.

त्रिमूर्तीनगरातल्या एका ओळखीच्या घरी अशाच एका नातीचं नाव ठरताना मी बसलो होतो. पत्रिकेत स्वाती नक्षत्राचा पहिला चरण, अक्षर निघालं ‘रू’. आजीने ऋतुजा सुचवलं. फोनच्या पडद्यावरून रायपूरची नानी खूश होऊन म्हणाली, ‘बहुत प्यारा है, रितुजा!’ झालं. कोपऱ्यात पंचांग घेऊन बसलेले काका सावध झाले. ‘री’ म्हटलं की ते चित्रा नक्षत्रात जातं. म्हणजे आजीने हाक मारली की पोर स्वातीची, नानीने मारली की चित्राची! ‘ऋ’चा उच्चार आपण रु करतो, हिंदीवाले रि करतात, एवढ्याशा फरकाने नक्षत्र बदलावं, याचं काकांना खरोखर टेन्शन आलं होतं. मग वहीतली इतर नावं तपासली गेली. ‘ज्ञ’ असलेलं नाव नको, आपली प्रज्ञा तिकडे प्रग्या होते. ‘ळ’ नको, हिंदीवाल्यांना तो जमतच नाही. शेवटी रेवा ठरलं. चरण एकाने सरकला, नक्षत्र राहिलं, आणि नर्मदेचं नाव असल्यामुळे नानीकडच्या लोकांनाही ते घरचंच वाटलं. यात मराठीचं काय बिघडलं? पाचपन्नास चांगल्या नावांतून दोन्ही घरांना पेलेल असं एक निवडलं, इतकंच. एवढी तडजोड बारशाच्या मेन्यूतही होते.

आता शुद्धतेच्या पक्षाकडे वळू. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. हजेरीपटावरची नावं बदलत गेली की एक आठवण पुसली जाते, हे खरंच. पण मराठी नाव म्हणजे कोणतं, हे त्यांनी एकदा सांगावं. ज्या शहराच्या अभिमानाने ते बोलतात ते १७०२ साली वसवणारा राजा गोंड होता आणि त्याचं नाव बख्त बुलंद, दोन्ही शब्द फारसी. औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारल्यावर ते त्याला मिळालं. ते लांबचं वाटत असेल तर मालोजी भोसल्यांचं घर घ्या. त्यांच्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी. अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून ती ठेवली, असं परंपरा सांगते. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारातले फारसी शब्द काढून संस्कृत पर्याय देणारा कोश करवून घेतला, पण त्यांच्या वडिलांचं नाव शहाजीच राहिलं आणि कुणालाही ते परकं वाटलं नाही. आपल्या वऱ्हाडातले गुलाबराव, साहेबराव, दौलतराव घ्या. यातलं ‘राव’ सोडलं तर देशी काय आहे? आणि ज्यांना अगदी अस्सल मातीतलंच हवं त्यांच्यासाठी दगडू आहे, धोंडू आहे, कोंडिबा आहे. मूल जगावं, नजर लागू नये म्हणून आपल्याच पणजोबांनी ठेवलेली नावं. शुद्धतेच्या किती कैवाऱ्यांनी आपल्या नातवाचं नाव दगडू ठेवलं? त्यांच्या नातवंडांची नावं असतात अद्वैत, अन्वी, शर्विल. सगळी संस्कृत वळणाची, लखनौपासून म्हैसूरपर्यंत कुठेही खपणारी. म्हणजे दोन काय, दहा भाषांत ‘चालणारी’.

मग मायरा, कियान मराठी आहेत का? आज नाहीत. उद्या होऊ शकतात. मराठी माणूस नाव आपलंसं करतो ते त्याला ‘या’ लावून. गणेशचा गण्या होतो, रोहनचा रोहन्या होतो. गल्लीत क्रिकेट खेळताना ‘अबे कियान्या, बॉल आण’ असं ओरडून बघा. सहज जमतं. (‘रेयांश्या’ मात्र मलाही जमलं नाही.) मायरा हे मुळात इंग्रजी कवितेतून रुळलेलं नाव, ते संस्कृत असल्याचं आणि त्याचा अर्थ अमुक असल्याचं मोबाइलवरच्या याद्यांत छापलेलं असतं, ती बनवाबनवी मला आवडत नाही. आवडलं म्हणून ठेवलं म्हणा की! उगीच त्याला वेदांत पणजोबा कशाला शोधायचा?

शुद्धतेच्या पक्षाची सगळ्यात भक्कम बाजू मात्र वेगळीच आहे, आणि ती ते स्वतः क्वचितच मांडतात. नाव ही जाहीर भूमिका असते. हे नागपूरइतकं कुठल्या शहराने पाहिलं असेल? १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखोंच्या साथीने धम्म स्वीकारला. गावाने ज्यांना कचऱ्या, धोंड्या अशा हाका मारल्या, त्यांच्या घरात त्यानंतर सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा, संघमित्रा जन्मले. तिथे नाव हे उच्चाराच्या सोयीने निवडलेलं नव्हतं. ते गावाला दिलेलं उत्तर होतं. अशा नावापुढे ‘अमेरिकेत जमेल का’ हा प्रश्न थिटा पडतो, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण याच नावांमधलं मिलिंद घ्या. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्येला मिनँडर नावाचा यवन, म्हणजे ग्रीक, राजा होऊन गेला. भिक्षू नागसेनाला त्याने विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं पाली भाषेतल्या ‘मिलिंदपञ्ह’मध्ये आहेत; त्या पालीने मिनँडरचा मिलिंद केला. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला नाव ग्रीकमध्ये आहे, दुसऱ्या बाजूला खरोष्टी लिपीत, प्राकृतात. दोन भाषांत चालणारं नाव याहून अक्षरशः कुठलं चालणार, बाजारात चालत होतं ते! पुढे औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचंच नाव दिलं आणि नागपूर-अमरावतीच्या घराघरांत मिलिंद झाले. आज मिलिंद हे ग्रीक नाव आहे असं म्हटलं तर नागपूरच्या इंदोरा वस्तीतला माणूस हसेल. नाव ही भूमिका असते, हे खरं. पण ती भूमिका कोणत्या भाषेच्या धातूत घडली आहे यावर तिचं वजन ठरत नाही.

आता सोयीचा पक्ष. त्यांचा मुद्दा भावनेचा नाही, पोटाचा आहे, म्हणून तो जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. बोस्टन आणि शिकागोमध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी नोकरीच्या जाहिरातींना उत्तर म्हणून सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. पात्रता तोडीस तोड, नावं तेवढी वेगळी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोऱ्या वळणाच्या नावांना काळ्या वळणाच्या नावांपेक्षा पन्नास टक्के जास्त बोलावणी आली. हे वाचल्यावर एखाद्या बापाने म्हटलं, की माझ्या मुलीचं नाव मृण्मयी ठेवून मी तिच्या पायात धोंडा का बांधू, तर त्याला काय सांगायचं? परदेशी जायचं आईबापांनी ठरवायचं आणि रोज वर्गात नावाची फोड करत बसायचं ते पोराने, हा अन्याय आहेच.

तरी या तर्कात एक भोक आहे. त्या अर्जांवर नाव वाचणाऱ्याला उच्चार जमत नव्हता, म्हणून त्याने अर्ज बाजूला ठेवला का? काळ्या वळणाची म्हणून वापरलेली नावं होती लकीशा, जमाल अशी. इंग्रजी बोलणाऱ्याला जमालमध्ये न जमण्यासारखं काय आहे? अर्ज बाजूला पडला तो नावामागचा समाज ओळखला म्हणून. आपल्याकडचा पुरावा तर अधिकच बोलका आहे. अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी पॉल अॅटवेल यांनी असाच प्रयोग भारतातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींवर केला, २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय नावांपेक्षा कमी प्रतिसाद आला. तिथे तर नावं वाचणाऱ्याच्याच देशातली, उच्चार तोंडात बसलेले! आडनाव सगळं सांगून टाकत असेल तर पहिलं नाव कियान ठेवून काय झाकणार? थोडाफार फायदा होतही असेल. पण भेदभावाचं औषध म्हणून बाळाच्या नावाची काटछाट करणं म्हणजे चोराच्या भीतीने आपणच घर रिकामं करून ठेवणं.

आणि सोपं नाव ठेवलं की लोक नीट म्हणतील, हा तरी भरवसा कुठला? कमला. क, म, ल. यातला एकही उच्चार इंग्रजीला परका नाही. तरी कमला हॅरिस यांना आत्मचरित्रात आपलं नाव कसं म्हणायचं ते समजावून सांगावं लागलं, आणि २०२० च्या ऑक्टोबरात जॉर्जियाच्या सभेत डेव्हिड पर्ड्यू या सेनेटरने त्याच नावाची वेडीवाकडी टर उडवली. दोघं जवळपास चार वर्षं एकाच सभागृहात बसत होते! उलट बेळगावकडचे श्री ठाणेदार बघा. त्यांच्या आडनावात ‘ठ’ही आहे आणि ‘ण’ही, इंग्रजीत दोन्ही नाहीत. मिशिगनच्या मतदारांनी २०२२ मध्ये त्यांना अमेरिकेच्या संसदेत पाठवलं. जसं जमेल तसं उच्चारून, पण पाठवलं. ज्याला तुमच्याशी काम आहे तो नाव शिकतो. ज्याला शिकायचंच नाही त्याच्यासाठी कुठलंच नाव पुरेसं सोपं नसतं.

इथवर आलो की दोन्ही पक्ष एकाच गृहीतकावर उभे आहेत हे दिसतं. नाव टिकलं की भाषा टिकते, नाव गेलं की भाषा जाते. शुद्धतेवाले या भीतीने नाव घट्ट धरतात, सोयीवाले याच हिशेबाने ते सोडून देतात. पण हे खरं आहे का? आयर्लंडकडे बघा. तिथे नीव्ह, शिव्हॉन, सर्शा ही आयरिश नावं अभिमानाने ठेवतात. स्पेलिंग असं, की इंग्रजी वाचणारा तोंडावर आपटतो. नावांच्या बाबतीत त्या देशाने इंग्रजीपुढे मान तुकवलेली नाही. आणि भाषा? २०२२ च्या जनगणनेत पन्नास लाखांवर वस्तीच्या त्या देशात शाळा-कॉलेजाबाहेर रोज आयरिश बोलणारे लोक सुमारे ७२ हजार निघाले. नावं राहिली, बोलणं गेलं. (त्याच देशाचे पंतप्रधान २०१७ मध्ये लिओ वराडकर झाले. वडील अशोक, मूळ गाव मालवणजवळचं वराड. मराठी गावाचं नाव आडनावात पोचलं आणि पहिलं नाव लिओ. दोन्हींपैकी कुठल्या भाषेचं काय बिघडलं, ते मला अजून कळलेलं नाही.)

आता उलटं चित्र. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू. नावं सॅम्युएल, अब्राहम, एझिकेल. आडनावं गावांवरून, केहिमकर, नवगावकर. घरातली भाषा मराठी, कीर्तनं मराठी, आणि त्यांतले पुष्कळ जण इस्राएलला जाऊन स्थायिक झाल्यावर तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवा. नाव अरबी, आणि मराठी संतांच्या मांदियाळीत जागा पक्की. यांच्यापैकी कुणाचं नाव शुद्धतेच्या कसोटीला उतरेल? आणि मराठीचं देणं यांच्यापेक्षा जास्त फेडलं असं किती शर्विल-अन्वींचे आईबाप म्हणू शकतील?

रविवारी संध्याकाळी फुटाळा तलावावर जा. कठड्याला टेकून भुट्टा खाता खाता ऐका. ‘अन्वी, बेटा, डोन्ट टच, गंदा है ना!’ नाव शुद्ध, आईबाप दोघंही शुद्ध मराठी, आजी बाजूच्याच बाकावर बसलेली, आणि लेकरासाठी मराठीचा एक शब्द नाही. हिंदी येते ती बागेतल्या दुसऱ्या पोरांशी बोलायला, इंग्रजी येते ती शाळेच्या मुलाखतीला, मराठी फक्त रागावताना. त्यातही पूर्ण वाक्य नसतं, ‘हो ना रे बाप्पा’ एवढंच. मला हिंदीचा राग नाही; या शहरात राहून हिंदीचा राग करणं म्हणजे अर्ध्या गल्लीशी अबोला धरणं. दोन भाषा येणं ही श्रीमंती आहे. पण या पोरीला दोन भाषा येत नाहीयेत. तिला तीन भाषांचे तुकडे येतायत.

यावर हमखास उत्तर मिळतं. शाळा इंग्रजी, दोस्त हिंदी, आम्ही दोघं नोकरीवर, घरी बोलून बोलून किती बोलणार? खरी अडचण आहे, थट्टेवारी नेण्यासारखी नाही. पण यासाठी वेगळा क्लास लागत नाही की वेगळा वेळ. जेवायला बोलावताना, अंघोळीला ओढताना, बूट शोधताना तुम्ही तोंड उघडणारच आहात. त्या वेळी कुठली भाषा बाहेर काढायची एवढंच ठरवायचं आहे, आणि ठरलेलं पाळायचं आहे. घरात एक माणूस जरी मुलाशी कायम मराठीतच बोलला, तरी पोर त्याच्याशी मराठीतच बोलायला लागतं, हे रायपूर-नागपूरच्या सोयरिकीतली कुठलीही आजी सांगेल. नावासाठी अक्षर कोणतं निघालं हे विचारायला गुरुजींकडे जाता. घरात कोण कुठल्या भाषेत बोलणार हे विचारायला कुणाकडेही जावं लागत नाही, कदाचित म्हणूनच ते राहून जातं.

आता नावाच्या बाबतीत खरोखर डोकं लावावं अशी एकच जागा उरते, आणि नेमकी तिथे सगळे गाफील असतात. स्पेलिंग. आपल्याकडे जन्मदाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत निघतो, म्हणजे नाव पहिल्या दिवसापासून दोन लिपींत जगणार. आधारपासून पासपोर्टपर्यंत जो काही घोळ होतो तो या दोघींच्या मधल्या फटीत. अमृताला आर-यू लावायचं की आर-आय? आर-यू लावलं तर मराठी कानाला बरं, आर-आय लावलं तर दिल्लीच्या. ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान झाले ते आर-आयवाले. आपल्याकडे जन्मले असते तर रुशी झाले असते. आदित्यच्या शेवटी ए दिसला की टीव्हीवरचा निवेदक त्याचा आदित्या करतो. तनय आणि तनया यांत एका ए-चा फरक, आणि तेवढ्यावर मुलाची मुलगी होते. विदर्भातल्या जुन्या लोकांनी नामदेव, महादेवचं स्पेलिंग डी-ई-ओ असं केलं, वासनिक-वानखेडेला डब्ल्यू लावला. आपल्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं, आणि ते अजूनही शोभतं. मीही तेच म्हणेन. घरात ज्या भाषेत हाक मारणार आहात तिच्याप्रमाणे स्पेलिंग ठरवा, एकदाच ठरवा, आणि दवाखान्यातला फॉर्म कुणा कंपाउंडरच्या हाती न देता स्वतः भरा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे, म्हणजे चुकायला आता चार जागा. जन्माची नोंद नावाशिवायही होते. नाव बारा महिन्यांच्या आत बिनशुल्क घालता येतं, त्यानंतरही विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. घाई असते ती बारशाच्या केकवाल्याला, महापालिकेला नसते.